डाव्या बाजूच्या अठरा तारा

आमच्या भाऊजींचे कान गेले ही गोष्ट जगात तिघांनाच माहीत होती: भाऊजींना, मला आणि कानाच्या डॉक्टरला. डॉक्टरने ती कागदावर लिहून दिली, मी ती पोटात ठेवली आणि भाऊजींनी ती मानलीच नाही.

मोटरसायकलची तारांची चाकं बांधणाऱ्या माणसाचे कान जाणं म्हणजे आचाऱ्याची जीभ जाणं. हे काम हाताचं असं लोकांना वाटतं, पण ते निम्मं कानाचं. चाक स्टँडवर चढवायचं, छोट्या पान्याने एकेक तार ठोकायची आणि ऐकायचं. नीट ताणलेली तार 'टिंग' म्हणते. सैल पडलेली 'टुक' करते. आणि आतून चिरलेली नुसतीच 'ठक्' करून गप्प बसते, पाहुण्यांसमोर रुसलेल्या पोरासारखी. भाऊजी उमेदीच्या काळात डोळे मिटून छत्तीस तारांतली आजारी तार सांगायचे. म्हणून गिऱ्हाइकं त्यांना 'कानसेन' म्हणत. तीन वर्षांपूर्वी कान गेले, कानसेन राहिले.

डॉक्टरने यंत्र दिलं होतं. ते लावून भाऊजी एक दिवस दुकानात बसले. शेजारच्या लोखंड कातणाऱ्या लेथचा आवाज त्यांना थेट मेंदूत ड्रिल घातल्यासारखा आला आणि तारांचा मात्र उंदराने कागद कुरतडल्यासारखा. संध्याकाळी यंत्र ड्रॉवरमध्ये गेलं, बेअरिंगच्या गोळ्यांच्या डबीत. अजून तिथेच आहे. गोळ्यांना सगळं स्वच्छ ऐकू येत असणार.

माणसांचं बोलणं भाऊजी ओठांवरून ओळखायचे, पण तारांना ओठ नव्हते. मग आम्ही एक युक्ती काढली. माझं फोटो-फ्रेमचं दुकान भाऊजींच्या दुकानाला लागून, मध्ये फक्त प्लायवूड. गिऱ्हाईक चाक घेऊन आलं की ते ओरडत, "ए काचवाल्या, जरा चाक धरायला ये!" मी जाऊन चाक धरायचो. ते पान्याने ठोकत जायचे आणि चेहरा असा करायचे की मैफलीत पहिल्या रांगेत बसलेत. तार चांगली वाजली तर मी स्वस्थ. खराब वाजली तर मी नाक खाजवायचो. एकदा एक चाक इतकं खराब निघालं की त्या भल्या गिऱ्हाइकाने जाताना मला त्वचेच्या डॉक्टरचा पत्ता दिला.

हे सगळं मी का करायचो? कारण त्या स्टँडच्या पलीकडे, डाव्या बाजूला, माझी ताई बसायची.

चाक साधारण एकच माणूस बांधतो. हे दोघं मिळून बांधायचे, समोरासमोर बसून, मध्ये चाक. मोटरसायकलच्या चाकात अठरा तारा एका बाजूने हबला अडकतात आणि अठरा दुसऱ्या बाजूने. हब म्हणजे चाकाचं मधलं पोट. उजव्या अठरा भाऊजींच्या, डाव्या अठरा ताईच्या. असा संसार मी दुसरा पाहिला नाही. लोक नवरा-बायकोला संसाराच्या रथाची दोन चाकं म्हणतात. हे दोघं एकाच चाकात होते.

लेथच्या गोंगाटात बोललेलं ऐकू यायचं नाही आणि ताईला आवाज चढवायची सवय नव्हती. म्हणून ती पान्याने तारेवर ठोकून बोलायची. एक ठोका म्हणजे 'फिरवा'. दोन म्हणजे 'थांबा'. तीन म्हणजे 'काढा, ही तार नको'. चार माणसांत ती भाऊजींना 'अहो' म्हणायची, 'जरा बघता का' म्हणायची, पण तीन ठोके पडले की भाऊजी निमूटपणे तार काढायचे. मोठमोठे मेकॅनिक ज्याच्यापुढे नरम असायचे, तो हा माणूस तीन ठोक्यांना वचकून असायचा.

ताईचा एकच कडक नियम होता. चाक उघडलं की हब तपासायचा, भोकं ओढली गेलेली नसतील आणि बेअरिंगची जागा घट्ट असेल तर ठेवायचा. पण जुन्या तारा, कितीही चकचकीत असोत, परत वापरायच्या नाहीत. तार जिथे वाकून हबच्या भोकात बसते त्या मानेला बारीक चीर पडते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. नुसतं बाजूला ठेवूनही भागायचं नाही. गिऱ्हाइकासमोर, ती धरायची आणि भाऊजी कापायचे, प्रत्येक तारेचे दोन तुकडे.

"डब्यात अख्ख्या राहिल्या तर घाईच्या दिवशी तुमचा हात जाईल," ती म्हणायची. "माझाही जाईल."

ताईला जाऊन चार वर्षं झाली. फोटो मीच फ्रेम केला. भाऊजींनी तो भिंतीवर इतका खाली लावला की पहिल्यांदा मला वाटलं खिळा निसटला.

"अहो, एवढ्या खाली फोटो लावतात का कुणी?"

"ती बसायची तेवढ्या उंचीवर लावलाय," भाऊजी म्हणाले.

फोटोखाली बाक, बाकाखाली सरकवलेलं तिचं स्टूल, त्याच्या पुढे स्टँड. भाऊजी चाकातून वर बघत तेव्हा तारांच्या जाळीतून समोर ताई दिसायची. गिऱ्हाइकांना हे जरा विचित्र वाटायचं. मला तर दुपारी वाटायचंच.

तर अशा या दुकानात एक दिवस नर्सबाई आल्या, खांद्याला मागचं चाक लटकावून. पस्तिशीच्या, उन्हाने रापलेल्या. टेकडीवरच्या घराघरांत जाऊन म्हाताऱ्यांना इंजेक्शनं द्यायची, बाळंतिणींना बघायचं हे त्यांचं काम. गाडी त्यांच्या वडिलांची, वडील आता नाहीत. खड्ड्यात रिमला असा पोचा बसला होता की रिम बदलण्याला इलाज नव्हता.

भाऊजींनी चाक फिरवून हबवर अंगठा फिरवला आणि थांबले. डाव्या कडेवर पंचने मारलेला एक बारीक ठिपका होता. उजव्या कडेवर दोन.

"हे आमचं आहे," ते म्हणाले. "एकतीस वर्षांपूर्वीचं. एक ठिपका तिचा, दोन माझे."

"बाबा सांगायचे, नवरा-बायकोने बांधलंय म्हणून," नर्सबाई म्हणाल्या. "काका, रिम नवी टाका. तारांचं तुम्ही ठरवा. जुन्या चालत असतील तर राहू देत, बाबांच्या हातच्या गाडीतलं काहीतरी राहील. फक्त एवढं लक्षात ठेवा, की मी रोज तो उतार उतरते. पुढे दरी आहे. मागच्या चाकाने दगा दिला तर मला सुई टोचायला कुणी यायचं नाही."

"ऐकून सांगतो," कानसेन म्हणाले आणि मला हाक मारली.

उजव्या तारा पहिल्या. टिंग, टुक, टिंग. एकतीस वर्षांच्या मानाने म्हाताऱ्यांची तब्येत बरी होती. मग डाव्या. पहिली ठक्. दुसरी ठक्. तिसरी ठक्. मी नाक खाजवायला लागलो. सहाव्या तारेपर्यंत नाक लाल झालं. वर बघतो तर भाऊजींचा हात हवेत थांबलेला. चेहऱ्यावरचं मैफलीचं सोंग गळून पडलं होतं. डोळे मोठे, ओठ उघडे.

"ऐकलंस?" ते हलकेच म्हणाले. तीन वर्षांत ते कधी हलकेच बोलले नव्हते. बहिऱ्या माणसाला हलकेच बोलता येत नाही.

"काय?"

त्यांनी पुन्हा ती तार ठोकली, मग उरलेल्या बाराही. मला प्रत्येक वेळी ऐकू आलं ठक्. भाऊजींनी मान अशी डोलावली की माझ्या अंगावर काटा आला, कारण ते सोंग नव्हतं.

नर्सबाईंना त्यांनी दहा दिवसांनी यायला सांगितलं. त्या गेल्यावर मी दार लोटून घेतलं. तोंड त्यांच्यासमोर नेऊन, ओठ हलवून हलवून बोललो, "डाव्या सगळ्या मेलेल्या आहेत. नाक दिसलं नाही का माझं?"

"तुझं नाक खाजत असेल तर खाजव. मला ऐकू येतंय."

"काय ऐकू येतंय?"

"टिंग," ते म्हणाले. "अठराच्या अठरा. उजव्या बाजूचं एक अक्षर ऐकू येत नाही. तुझं येत नाही. लेथचं येत नाही. हे येतं."

डोकं चालेना की मी विनोद करतो. म्हटलं, "लग्नानंतर नवऱ्याला बायकोचंच ऐकू येतं, त्यात नवल काय?"

भाऊजी हसले नाहीत. त्यांना तो ऐकूच गेला नव्हता. ते तारांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाक उघडलं. उजव्या बाजूच्या, म्हणजे स्वतःच्या, अठरा तारा काढल्या आणि कचाकच कापल्या, भाजी चिरावी तशा. डाव्या अठरा मात्र काढून, पुसून, कापडावर ओळीने मांडल्या. मी प्लायवूडच्या फटीतून बघत होतो. कापायची पक्कड त्यांनी उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवली. मी जाऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"भाऊजी, हे काय? ताईचा नियम?"

"नियम जुन्या तारांचा होता. या तिच्या आहेत."

"तिच्याच जुन्या आहेत!"

"तुझ्या दुकानात काच फुटलीय बघ," ते म्हणाले. काच फुटली नव्हती. बहिऱ्या माणसाशी वाद घालण्यातली मोठी अडचण ही, की तो पाठ वळवतो आणि वाद संपतो.

पुढचे दिवस चांगले गेले नाहीत. भाऊजी खुशीत होते हीच भीती होती. नव्या रिममध्ये उजवीकडे नव्या तारा, डावीकडे ताईच्या. मध्येच हात थांबवून ते पलीकडे कान देत. एकदा म्हणाले, "आज घाईत दिसतेय." मी म्हटलं कोण, तर म्हणाले, "काही नाही, तू तुझ्या फ्रेमा कर." एकदा त्यांनी चाक एक अष्टमांश फिरवलं, आपण कुणी सांगितल्यावर फिरवतो तसं, मान हलवून.

आणि ते स्टूल. चार वर्षं ते बाकाखाली सरकवलेलं असायचं. पाचव्या दिवशी बघतो तर बाहेर, स्टँडपासून बरोबर एका हातावर. "तुम्ही काढलंत?" मी खुणेने विचारलं. भाऊजींनी स्टूलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मला वाटलं तू काढलंस," ते म्हणाले आणि समजूतदारपणे हसले. मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. मला एक फ्रेम पोचवायची होती असं मी बायकोला सांगितलं. तिने विचारलं कुणाची, तर मला नाव सुचेना.

माझ्या डोळ्यांसमोर तो उतार यायचा. नर्सबाई, पिशवीत सुया, खाली दरी आणि चाकात अठरा मेलेल्या तारा, ज्या एका म्हाताऱ्याला एकट्याला जिवंत वाटतात. त्यांना सावध करायचं तर कानसेनांचं बिंग फोडायचं. बिंग फोडलं की दुकान गेलं, आणि दुकान गेलं की भाऊजी गेले, हे मला लेथच्या आवाजाइतकं स्पष्ट ऐकू येत होतं.

तेव्हा मी ठरवलं की आपण लबाडी करावी. माझा तो प्रांतच आहे.

सहाव्या दिवशी चाक बांधून तयार होतं. दुपारी एकला शेजारचा लेथ जेवणासाठी थांबतो. तो थांबला की सगळी गल्ली एकदम इतकी गप्प होते की कुणीतरी आत आल्यासारखं वाटतं. भाऊजी स्टँडकडे पाठ करून डबा खात होते. मी हुकावरचा पाना काढला. ताईच्या स्टूलवर बसलो, आयुष्यात पहिल्यांदा. हिशोब सरळ होता: डाव्या तारा त्यांना ऐकू येतात ना? मग तीन ठोके देऊ. 'काढा.' ताईचा हुकूम मोडायची त्यांची छाती नाही.

ठक्. ठक्. ठक्.

भाऊजींनी घास घेतला.

मी जोरात वाजवलं, तीन. चाक हललं. भाऊजींनी डब्याच्या झाकणावर भाजी काढून घेतली. मला एकदम शरम वाटली. मेलेल्या बहिणीची सही मारायला निघालो होतो आणि तीही जमली नव्हती. पाना हुकाला अडकवला, आपल्या दुकानात आलो आणि एका धुरकटलेल्या काचेवर उगाच फडकं मारत बसलो.

दहा मिनिटांनी हाक आली. "काचवाल्या!"

आवाज असा होता की मी प्लायवूडला खांदा आपटत गेलो. भाऊजी स्टँडपाशी उभे, हातात धुतलेला डबा, त्यातून पाणी पायावर गळतंय.

"वाजलं," ते म्हणाले.

मी कबूल करून टाकलं. तीन बोटं दाखवली, छातीवर हात ठेवला, ओठ फाकवून म्हणालो, "मी! मी वाजवलं! तीनदा!"

"कधी?"

"तुम्ही जेवत होता तेव्हा."

"तेव्हा काही वाजलं नाही," भाऊजी म्हणाले. "आत्ता वाजलं. डबा धुऊन आलो, तेव्हा. तीन. मग जरा थांबून एक."

"एक म्हणजे 'फिरवा'."

"तीननंतरचा एक वेगळा." आणि अडुसष्ट वर्षांचा तो माणूस चक्क लाजला. "ते तुम्हाला कुणालाच माहीत नाही. चार माणसांत ती मला अहो-जाहो करायची ना? मी हट्टाला पेटलो की तीन ठोके द्यायची आणि वर एक. तो एक म्हणजे 'गाढवा'."

मी वाजवले होते तीन आणि तीन. एक मी वाजवला नव्हता. मी हुकाकडे बघितलं. लेथ बंद होता, पंखा बंद होता, दार लोटलेलं होतं. हुकावरचा पाना हळूहळू हलत होता, घड्याळाच्या लंबकासारखा, मग थांबला.

आम्ही दोघांनी तो थांबेपर्यंत बघितला.

मग भाऊजी मागच्या खोलीतून पक्कड घेऊन आले. "धर," म्हणाले. मी ताईच्या बाजूला बसलो आणि एकेक तार धरली. ते कापत गेले. प्रत्येक तुकड्याची मान त्यांनी भिंगाखाली घेतली. अठराच्या अठरांना केसासारखी चीर होती. दोन तर चिमटीत वाकवल्यावर बिस्किटासारख्या तुटल्या. त्यातली एक त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली.

"कापायच्या आधी मी एकदा वाजवली," ते म्हणाले. "शेवटची."

"मग?"

"टिंग." त्यांनी चष्मा पुसला. "तिने खोटं सांगितलं नाही, काचवाल्या. मीच नको ते ऐकत होतो."

यातलं किती मला कळलं हे मला आजही सांगता येणार नाही.

हब ठेवला. तो ठणठणीत होता, भोकं गोल, एक ठिपका आणि दोन ठिपके जसेच्या तसे. बेअरिंग नवे, रिम नवी, छत्तीसच्या छत्तीस तारा नव्या. डावी बाजू मी बांधली, म्हणजे मी पाना धरला आणि भाऊजींनी माझे वाभाडे काढले. "फ्रेमेला खिळा ठोकतोयस का? हळू! ती तार आहे, मेव्हणा नाही!" मी ठोकून ऐकायचो आणि आता नाक नाही, तोंडाने सांगायचो. दोन दिवसांचं काम होतं, त्याला माझ्यामुळे चार लागले.

नर्सबाई आल्या. चाक फिरवून बघितलं; रिम जागच्या जागी असल्यासारखी फिरत होती. "काका, ऐकून घेतलंत ना नीट?" त्यांनी सवयीने विचारलं.

मी हात नाकाकडे नेला, तेही सवयीने. भाऊजींनी तो धरून खाली केला.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले, नेहमीसारखं मोठ्याने, त्यामुळे लेथवाल्यालाही कळलं. "तीन वर्षं झाली. ऐकलंय याने. आधी जुन्या तारा बांधल्या होत्या, ती माझी चूक. त्या कापल्या. जुना फक्त हब आहे, त्याला मी जामीन."

नर्सबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मला वाटलं आता चाक इथेच टाकून जातात. त्या म्हणाल्या, "आमच्या टेकडीवर निम्म्यांना ऐकू येत नाही. त्यांना विचारलं तर सगळे म्हणतात येतं." आणि चाक खांद्याला लटकावून निघाल्या.

कानसेन हे नाव काही गेलं नाही. उलट आता लोक मलाही त्यात धरतात. डावं स्टूल माझं झालं आहे. तीन ठोके मीही देतो, भाऊजी पान्याकडे बघून ते ओळखतात. वरचा एक मात्र मी कधी देत नाही. तो माझा नाही.

ताईचे छत्तीस तुकडे भंगारात गेले नाहीत. भाऊजींनी ते एका पत्र्याच्या डब्यात घालून झाकण दाबून बसवलं आहे. तुकड्यांचं चाक होत नाही, तेव्हा नियम मोडला असं मी म्हणू शकत नाही. डबा बाकाखाली असतो, फोटोच्या बाजूला. दुपारी एकला लेथ थांबतो, गल्ली गप्प होते, आणि भाऊजी जेवता जेवता हात थांबवून मान किंचित वाकडी करतात. कधी हसतात. कधी तोंडातल्या तोंडात म्हणतात, "बरं, बरं."

मला त्या डब्यातून काहीही ऐकू आलेलं नाही. माझे कान उत्तम आहेत, डॉक्टरकडून तपासून घेतले आहेत. फक्त दुपारी एक ते दोन मी त्या स्टूलवर बसत नाही.